बॅलेला जायची तयारी

"हात गळ्यावर," निमकर बाई म्हणाल्या. म्हणाल्या म्हणजे ओठ ठळक हलवून आणि स्वतःचा पंजा गळ्यावर ठेवून. शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. पोरांना ओठ दिसावेत म्हणून बाईंनी हातातली बॅटरी स्वतःच्याच तोंडावर धरली होती. बाकांवरच्या सगळ्या पोरांचे हात गळ्यावर गेले.

मग बाईंनी गाल फुगवले, डोळे तिरळे केले, पदराचं शेपूट केलं आणि माकडासारखी उडी मारली. हॉलभर हसू फुटलं. बहिऱ्या पोरांचं हसू ज्यानं ऐकलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. कुणाचं टिटवीसारखं, कुणाचं गाडीचा ब्रेक लागल्यासारखं, कुणाचं नुसतंच घशातून खरखर. आणि त्या सगळ्यांच्या वर चढलेला एक आवाज. तो माझ्या वैजूचा.

"थरथरलं ना?" बाईंनी बॅटरी हलवली. "थरथरलं म्हणजे आवाज झाला. आवाज झाला तर आपल्याला थिएटरातून बाहेर काढतील. परत एकदा."

मी मागच्या बाजूला बसून पोरांच्या स्वेटरांना बटणं लावत होते. आमचं तालुक्याचं गाव, तिथली ही मूकबधिर मुलांची लहानशी शाळा. वैजूला सोडायला जायचं आणि शाळा सुटेपर्यंत तिथंच थांबायचं, असं माझं चाललेलं. नुसतं काय बसायचं, म्हणून मी तिथलं शिवण-टिपण करायची. वैजू, म्हणजे वैजयंता, माझी एकुलती एक. तेव्हा तिसरीत होती.

या गळ्यावरच्या हाताची गंमत अशी, की इतकी वर्षं तो उलट कामाला लावलेला होता. बाई पोराचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायच्या, "प" म्हणायच्या, "ब" म्हणायच्या. पोराला थरथर कळली की तोच हात त्याच्या गळ्यावर ठेवून म्हणायच्या, आता तू काढ. महिनेच्या महिने घालवून त्यांनी एकेका पोराच्या तोंडातून आवाज वर आणला होता. विहिरीतून पोहरा ओढावा तसा. वैजूनं पहिल्यांदा मला "आऽब" अशी हाक मारली तेव्हा बाई माझ्याआधी रडल्या होत्या. "आई" तिला कधी जमलं नाही. माझं नाव "आऽब"च.

आणि आता त्याच बाई तोच हात गळ्यावर ठेवून सांगत होत्या, थांबव.

त्याला कारण होतं. नाताळच्या सुट्टीत पुण्यात रशियातली बॅले करणारी मंडळी येणार होती. बॅले म्हणजे काय हे मला तेव्हाच कळलं. सगळी गोष्ट नाचून सांगायची, तोंडातून एक शब्द नाही. बाईंनी पेपरात वाचलं आणि त्यांच्या डोक्यात बसलं. "वैजूच्या आई, जगात एक नाटक आहे, जे आपल्या पोरांना पुरतं कळेल," त्या मला म्हणाल्या. "सिनेमाला गेली की ही पोरं शेजारच्याचं तोंड बघत बसतात. इथं ऐकणारे आणि न ऐकणारे सारखेच."

पण थिएटरच्या मॅनेजरनं पहिल्यांदा नाही म्हटलं. मूकबधिर मुलं चित्रविचित्र आवाज काढतात, पाहुणे परदेशातले, लोक एवढ्या हौसेनं येणार, बरं दिसत नाही. बाई दोनदा पुण्याला जाऊन आल्या. शेवटी त्यांनी शब्द दिला, की एकाही मुलाचा आवाज येणार नाही. आला तर मी स्वतः सगळ्यांना घेऊन बाहेर जाईन.

तेव्हापासून शाळेत दुसरं काही नव्हतं. बाई रोज त्या बॅलेतली गोष्ट करून दाखवायच्या. बर्फातलं एक गाव असतं. गावाची घंटा गोठलेल्या तळ्यात पडते. घंटा वाजत नाही म्हणून गावात सणच येत नाही. मग एक मुलगी ती आणायला बर्फाखाली उतरते. बर्फ कळावा म्हणून बाईंनी सरबताच्या गाडीवरून लादीचा तुकडा आणला, आणि पोरांनी गालाला लावून लावून तो संपवला. घंटा कळावी म्हणून शाळेचा टोल काढून दोन बाकांच्या मधे टांगला, एकेकाला त्याला पोट टेकवून उभं केलं आणि हातोडा मारला. वैजू उडालीच. मग पोट धरून हसत परत रांगेत जाऊन उभी राहिली.

बॅलेतल्या पोरींसारखं चवड्यांवर चालायचं वेड तर घराघरात गेलं. मुमताज म्हणून वैजूची मैत्रीण होती, ती पाणी भरायलासुद्धा चवड्यांवर जायची. तिचे अब्बा पालकांच्या बैठकीत उठून म्हणाले, "बाई, त्या नाचणाऱ्या बाया म्हणे अंगाला चिकटलेले कपडे घालतात."

"तालमीत पैलवान लंगोट का लावतो?" बाईंनी विचारलं. "अंग कसं वळतंय ते दिसावं म्हणूनच ना? हेही तसंच."

अब्बा हसून खाली बसले. परवानगी मिळाली.

घरी आम्ही चौघं. हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आणि माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. आत्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. ऑपरेशनची त्यांना भीती, त्यामुळं दिसणं जवळजवळ बंदच झालेलं. वैजूला त्यांनी नीट पाहिलं होतं ते पाळण्यातलं. पुढची सगळी वैजू त्यांना माहीत होती ती आवाजानं. पोरीला भूक लागली की कसा आवाज येतो, लबाडी करताना कसा, पायरीवरून पडल्यावर कसा, हे त्या माझ्याआधी ओळखायच्या. पोर कोपऱ्यावर आली की ओरडत यायची आणि आत्या खाटेवरून हाळी द्यायच्या, "शालन, चहा टाक गं, मोर आला!" शेजारच्या बाया आडून कुरकुरायच्या. आत्या म्हणायच्या, "दुसऱ्यांच्यात कोंबडी हाईत, आमच्यात मोर हाय. वरडणारच."

तालमीतला तो गळ्यावरचा हात वैजूनं घरीही सुरू केला. ती आत्यांच्या समोर बसायची, गळ्यावर हात ठेवायची आणि मला खुणेनं सांगायची, आजीला विचार, आवाज आला का. मी विचारायची.

"आला की," आत्या म्हणायच्या. "श्वास वाजतोय तिचा."

वैजू पुन्हा बसायची. दात-ओठ खाऊन.

जायचा दिवस उजाडला. डेपोतून ह्यांच्याच ओळखीनं गाडी मिळाली होती. पोरांना तेल लावून चापूनचोपून भांग पाडलेले, एकसारखे निळे स्वेटर. घाट चढताना पोरांनी काय कालवा केला म्हणता! ड्रायव्हर कानात कापूस घालून बसला. बाईंनी त्यांना एकदाही गप्प केलं नाही. "ओरडू दे," मला म्हणाल्या. "आत्ताच मोकळी होऊ देत."

थिएटरच्या दाराशी मात्र बाई थांबल्या, सगळ्यांकडं वळल्या आणि त्यांनी हात गळ्यावर नेला. पोरांनीही नेला. आत गेलो ते सगळे हात गळ्यावर ठेवून. मॅनेजर दाराशी उभा होता, तो बघतच राहिला.

आम्हाला मधल्या रांगा दिल्या होत्या. बाईंच्या सांगण्यावरून पोरांनी बूट काढून पाय जमिनीला लावले, म्हणजे वाद्यांचा ठेका तळव्यातून कळेल. दिवे गेले, पडदा सरकला आणि बर्फातलं गाव समोर आलं. खरं सांगते, मी माझं सगळं आयुष्य विसरले. त्या पोरी चालत नव्हत्याच. वाऱ्यावर कापूस जावा तशा जात होत्या. वैजूचे डोळे विस्फारलेले, तोंड उघडं, हात गळ्यावर घट्ट. एकाही पोराचा आवाज नाही. पलीकडच्या टोकाला बसलेल्या बाईंचे ओठ हलत होते. बहुतेक देवाला काही म्हणत असाव्यात.

घंटा तळ्यात पडली तेव्हा ते झालं. बर्फ फुटल्यासारखा निळा उजेड चमकला, ती भली मोठी घंटा हळूहळू खाली जायला लागली, आणि मुमताजच्या तोंडून आवाज निघाला. किंकाळीच. लांबलचक. नेमकं तेव्हा संगीत थांबलेलं होतं.

पुढच्या रांगा वळल्या. एकामागून एक तोंडं मागं फिरली. कुणाच्या कपाळाला आठ्या, कुणी हसणारं, कुणी नुसतंच भ्यालेलं. एका बाईनं आपल्या लहान लेकीचं डोकं धरून पुन्हा पुढं वळवलं. निमकर बाई अर्ध्या उठल्या होत्या. मुमताजनं स्वतःच दोन्ही हातांनी तोंड दाबून घेतलं. थोड्या वेळानं तोंडं पुन्हा स्टेजकडं वळली. बाई खाली बसल्या.

वैजू मात्र स्टेजकडं बघत नव्हती. ती त्या वळलेल्या तोंडांकडं बघत होती, आणि ती परत फिरल्यावर त्यांच्या डोक्यांच्या पाठमोऱ्या रांगांकडं. मग तिनं मुमताजकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी तिला खूण केली, बघ, समोर बघ, मुलगी पाण्यात उतरतेय. तिनं मान फिरवली.

शेवटी ती मुलगी घंटा घेऊन वर आली, सगळं स्टेज पिवळ्या उजेडानं भरलं आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. बाईंनी रुमाल वर केला, तशी आमच्या पोरांनीही हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना मॅनेजर बाईंना म्हणाला, "तुमची मुलं इथल्या मुलांपेक्षा शिस्तीची निघाली हो. पुढच्या वेळी जरूर आणा." बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी पोरापोराला छातीशी धरलं.

परतताना गाडीत पुन्हा तोच कालवा. मुमताज तर चवड्यांवर उभी राहून घंटेसारखी डुलत होती. वैजू खिडकीशी बसली होती. दमली असेल, मला वाटलं. घाट उतरेपर्यंत ती झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मैत्रिणींत खेळायला गेली. मी जोंधळे निवडत बसले होते, आत्या खाटेवर. आत्यांनी विचारलं, "शालन, पोर अजून आली न्हाई का गं? चहाची येळ झाली."

मी मान वर केली. वैजू खाटेला टेकून उभी होती. केव्हा आली होती कोण जाणे. ती आजीच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. आजीचे डोळे तिच्या अंगावरून पलीकडं, दाराकडं लागलेले.

"आलीय की, आत्या. तुमच्याजवळच आहे."

आत्यांनी हात पुढं केला, चाचपला. पोरीचा दंड हाताला लागला तशा त्या दचकल्या. "अगं बया! मग वरडली का न्हाई? चोरावानी का आली?"

मी हसले. वाटलं, खेळ चाललाय, तालमीचं डोक्यातून गेलं नाही अजून. दोन दिवसांत जाईल. सगळ्या पोरांचं गेलंच. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा वर्गात पहिल्यासारखाच गोंगाट होता. त्यात फक्त वैजू नव्हती. ती हसायची, खांदे उडायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. पण आवाज नाही. उंबऱ्याला ठेच लागून नख उपटलं तेव्हा तिनं पाय धरला, भिंतीला डोकं टेकलं आणि तोंड उघडून श्वास घेत राहिली. मी तिच्या शेजारी बसले.

ह्यांनी तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं. "गळा उत्तम आहे," ते म्हणाले. "आवाज काढायचा की नाही, ते तिच्यावर आहे."

निमकर बाई घरी आल्या. वैजूला वर्गात रोज बघणाऱ्या बाईंना आधीच सगळं कळलेलं होतं. त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या, वैजूचा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "बॅले झाला. संपला. आता आवाज कर. खूप मोठा कर. आऽऽब. म्हण."

वैजूनं हात तसाच राहू दिला. बाई म्हणत राहिल्या, आऽऽब, आऽऽब. थोड्या वेळानं वैजूनं दुसरा हात उचलला आणि बाईंच्या ओठांवर ठेवला. रागानं नव्हे. लहान पोराला झोपवताना ठेवावा तसा.

बाई उठताना मला म्हणाल्या, "वैजूच्या आई, मला शिव्या द्या. पण गप्प बसू नका."

मी काय शिव्या देणार? तिला आवाज दिला होता तोही त्यांनीच. त्या पुढं दोन वर्षं रोज शाळा सुटल्यावर वैजूला घेऊन बसल्या. फुगे आणले, ढोल आणला, गच्चीवर नेऊन स्वतः ओरडल्या. मग त्यांची बदली झाली. जाताना भेटायला आल्या नाहीत. मीही गेले नाही.

घरात चुली-भांड्यांचा आवाज राहिला. आत्या आधी सारखं विचारायच्या, पोर कुठाय. मग वैजूच स्वतः येऊन त्यांच्या हातावर हात ठेवायला शिकली. आत्या तो हात चाचपायच्या आणि म्हणायच्या, "हां, तू होय." पण ते म्हणणं पाहुण्याला म्हणावं तसं असायचं. मोर हा शब्द पुन्हा त्यांच्या तोंडात आला नाही.

आत्या गेल्या तेव्हा वैजू नववीत होती. शेवटच्या दिवशी त्यांना शुद्ध होती. एकेकाला नावानं बोलावत होत्या. ह्यांना, मला, मग "वैजू". वैजूनं त्यांचा हात धरला. आत्या म्हणाल्या, "हात नगं. हाक दे." मी वैजूला खुणेनं सांगितलं, आजी हाक मागतेय. एकदाच. आजी आहे, परकं कुणी नाही. वैजूनं तोंड उघडलं. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, तोंड लालबुंद झालं. श्वास आला, नुसता श्वास. पुन्हा उघडलं. ती आता मनापासून प्रयत्न करत होती, हे मला दिसत होतं. पण वापराविना राहिलेली वाट बुजून जाते.

आत्या वाट बघत राहिल्या. मग त्यांनी मान पलीकडं वळवली. संध्याकाळी त्या गेल्या.

वैजूचं पुढं वाईट झालं नाही. तिनं शिवणकाम शिकून घेतलं, कोल्हापुरात तिचं लग्न झालं. जावईही बहिरेच, लेथवर काम करतात, पोरगा गुणी. त्यांना मुलगी झाली ती मात्र ऐकणारी. परमेश्वराची करणी. नात दोन वर्षांची झाली तेव्हा मी तिकडं राहायला गेले होते. कार्टी इतकी बडबडी, की गॅलरीत उभी राहून रस्त्यावरच्या प्रत्येकाला हाक मारायची. भाजीवाला, पोस्टमन, शाळेची पोरं, सगळे मान वर करून तिच्याकडं बघायचे आणि हसायचे.

एका सकाळी वैजू दारात उभी राहून ते बघत होती. मग तिनं मला खांद्याला धरून वळवलं आणि हातांनी विचारलं, "तिचा आवाज चांगला आहे?"

"गोड आहे," मी खुणेनं सांगितलं.

"म्हणून लोक हसून बघतात."

"हो."

मग तिचे हात हळूहळू हलायला लागले. "त्या दिवशी थिएटरात मुमताजकडं सगळे वळले. मला कळेना का वळले. ती जागची हलली नव्हती. तिनं कुणाला हात लावला नव्हता. अंधार होता. तरी सगळ्यांना कळलं. बाई म्हणायच्या थरथर म्हणजे आवाज. मला वाटायचं, थरथर माझ्या गळ्यात असते आणि तिथंच राहते, फार तर अगदी जवळ बसलेल्या आजीला कळते. ती बाहेर जाते, लांबच्या लोकांना जाऊन लागते, हे मला तेव्हा कळलं." तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "माझ्यातनं काहीतरी बाहेर जात होतं. सगळ्यांना माहीत होतं. मला एकटीलाच नाही. इतकी वर्षं. मला फार लाज वाटली."

मी तिचे हात धरायला गेले. तिनं ते सोडवून घेतले. अजून विचारायचं होतं.

"माझा कसा होता?"

मला आधी कळलं नाही.

"माझा आवाज," तिनं पुन्हा खूण केली. "तू ऐकला आहेस. आजीनं ऐकला होता. बाबांनी. हिच्यासारखा होता? लोक हसून बघायचे?"

मी म्हणाले, मोरासारखा होता. तिनं मान हलवली. मोर कसा ओरडतो हे तिला काय माहीत? मी म्हणाले, मोठा होता. चांगला होता. आजीला आवडायचा. ती माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली, अजून काही येईल म्हणून. मग मी विचार केला, काढूनच दाखवावा. तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवावा, म्हणजे निदान हाताला तरी कळेल.

मी तोंड उघडलं. आऽब म्हणायचं होतं, एवढं मला ठाऊक होतं. पण तिचा तो आवाज वर कुठं चढायचा, कुठं मोडायचा, शेवटाला कसा ओढला जायचा, काही केल्या मला आठवेना.